पानं गाळूनच काटेसावर का फुलते?

फेब्रुवारीत काटेसावरीवर पान दिसत नाही, पण फांद्या लालभडक फुलांनी लगडलेल्या असतात. पानं गाळून झाड पाणी वाचवतं. शिवाय पानांचा आडोसा नसल्यानं फुलं दुरूनच दिसतात, हमरस्त्यावरच्या खानावळीच्या पाटीसारखी. मैना, बुलबुल, कोतवाल मकरंदासाठी येतात. त्यांच्या डोक्याला लागलेले परागकण पुढच्या झाडावर पोचतात. रात्री वटवाघळंही हेच काम करतात. होळीसाठी ऐन फुलोऱ्यातली सावर तोडली की पाखरांचं हे अन्नछत्रच संपतं, याचं फार वाईट वाटतं.

उन्हाळ्यात बोंडं फुटतात आणि कापसात गुंडाळलेलं बी पावसाच्या तोंडावर वाऱ्यानं पसरतं. ते ताजं असतानाच पेरावं, मोकळ्या उन्हात. लाकूड हलकं असतं. आगकाड्या, खोकी यांना चालतं, तुळईला नाही.