दम्याची परीक्षा फुंकरीने



प्रायश्चित्तकाळ आला की आपल्या निपाणी भागात तंबाखूच्या कामाची धांदल असते आणि रविवारच्या मिस्सेत प्रवचनाला खोकल्याची साथ मिळते. वखारीत तंबाखू चाळताना उडणारा खकाणा, गुऱ्हाळाचा व चुलीचा धूर, त्यात विडी. छातीला उसंत कुठली?

आपल्यातील एक शेतकरी बंधू दोन वर्षे नुसते खोकल्याचे औषध पीत होते. रात्री छाती घरघरे, पण सकाळी डॉक्टरांपुढे बसेपर्यंत ती मोकळी झालेली असे. एक्स-रे स्वच्छ. घरची माणसे म्हणू लागली, कामाचा कंटाळा आहे, दुसरे काय?

दम्याचे हेच लक्षण आहे. तो येतो आणि जातो. म्हणून नळी लावून छाती ऐकणे पुरत नाही; श्वासाचे मोजमाप घ्यावे लागते. या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने 1846 मध्ये असे यंत्र लोकांपुढे मांडले. नाकाला चिमटा लावतात. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत सारा जोर लावून, निदान सहा सेकंद, फुंकत राहायचे. निरोगी माणूस छातीतील साधारण तीन चतुर्थांश हवा पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. श्वासनलिका आकसल्या असतील तर हे प्रमाण घटते; पाटाच्या तोंडाशी गाळ साचला की पाणी जसे हळू निघते तसे.

मग पंपाने औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. पहिल्या सेकंदाची हवा 12 टक्क्यांनी आणि 200 मिलिलिटरनी वाढली, तर दम्याचा संशय बळावतो. फारशी वाढली नाही, आणि माणूस जुना विडीबाज असेल किंवा बाईने जन्मभर चूल फुंकली असेल, तर सीओपीडी हा दुसरा विकार असू शकतो. दोहोंचे उपचार सारखे नाहीत.

चांगल्या दिवशी तपासणी अगदी ठीक येते, म्हणून दमा नाही असे समजू नये. आमच्या बंधूंचे तसेच झाले. डॉक्टरांनी त्यांना पीक फ्लो मीटर ही हातात धरायची लहान नळी दिली. दिवसातून चार वेळा, दर वेळी तीन फुंकरी, सर्वांत मोठा आकडा वहीत. वखारीच्या दिवशी आकडे खाली, सुट्टीच्या दिवशी वर! वहीनेच साक्ष दिली. चाळणीचे काम सोडणे त्यांना जड गेले, कारण मजुरी त्यावरच होती. मालकाने त्यांना वजनकाट्यावर घेतले, हे नशीब.

बेळगाव व कोल्हापूर येथील मोठ्या रुग्णालयांच्या श्वसनविकार विभागात ही तपासणी होते. आधी चौकशी करून जावे. भरपेट जेवून जाऊ नये, कपडे सैल असावेत, निदान तासभर आधी विडी ओढू नये. पंप घेत असाल तर तो किती तास आधी थांबवायचा हे डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी सांगावे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजनात घट असेल तर पहिल्यांदा क्षयासाठी थुंकी तपासून घ्यावी. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.