चितारी नैनसुख

हिमाचल प्रदेशात, कांगडा जिल्ह्यात, गुलेर नावाचे गाव आहे. तिथे सुमारे १७१० साली नैनसुख जन्मला. नैनसुख म्हणजे डोळ्यांचे सुख! घराणे मूळचे सुतारांचे. पण बाप पंडित सेऊ आणि थोरला भाऊ माणकू, दोघेही चितारी. हा हुन्नर नैनसुख घरीच शिकला.

त्यांची चित्रे वहीच्या पानाएवढी लहान असत. हातकागदाचे ताव एकावर एक चिकटवायचे आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. रंगीत माती, दगड, नीळ, काजळी वाटून त्यात पाणी आणि डिंक घालायचा, की झाला रंग तयार. कुंचला खारीच्या केसांचा. त्याने दाढीचा एकेक केस रेखता येई.

पुढे जम्मूकडील जसरोट्याच्या बलवंतसिंगाने त्याला आश्रय दिला. राजाचे चित्र म्हटले की बहुधा थाटमाट असायचा. नैनसुखने मात्र बलवंतसिंग दाढी नीट करून घेताना काढला, तंबूत पत्र लिहिताना काढला, थंडीत रजई पांघरून शेकोटीशी बसलेलाही काढला. राजाही आपल्यासारखाच माणूस, हे त्या चित्रांत दिसते.

१७६३ साली बलवंतसिंग वारला. नंतर नैनसुख बसोहलीच्या अमृतपाल राजाकडे राहिला. १७७८ साली तो वारला. त्याचे चारही मुलगे चितारीच झाले.

आता तुम्ही विचाराल, हे सारे कळले कसे? त्या काळी चित्रावर चिताऱ्याचे नाव बहुधा नसेच. लोक म्हणत, ही गुलेरची चित्रे, ही बसोहलीची. गाव उरले, राजा उरला. हात कोणाचा, ते विसरले.

पण हरिद्वारचे पंडे यात्रेकरूंची नावे वहीत लिहून घेतात. आपल्याकडे नाशिकचे उपाध्येही तशा वह्या ठेवतात. चंदीगडचे अभ्यासक बी. एन. गोस्वामी यांनी पंड्यांच्या जुन्या वह्या चाळल्या. तेव्हा १७६३ सालचा, खुद्द नैनसुखच्या हातचा मजकूर सापडला! त्याने सोबत एक चित्रही रेखले होते. अशा नोंदींवरून साऱ्या घराण्याची वंशावळ जुळली. गोस्वामींनी १९६८ साली ती मुंबईच्या 'मार्ग' नियतकालिकात मांडली.

सहीपुरते अक्षर आले की पुरे, असे काही जण म्हणतात. त्यांना आम्ही वहीतल्या या चार ओळींची गोष्ट सांगतो. सुतार असो, कुंभार असो, विणकर असो. आपले नाव, गाव आणि काम ज्याने त्याने आपल्या हाताने लिहून ठेवावे.