डोळे मिटून हजेरी!

समज, उद्या वर्गात बाई आल्या नि डोळे गच्च मिटून म्हणाल्या, "आज मी नुसत्या कानांनी हजेरी घेणार!" तुझी खुसखुस ऐकू आली? हजर! मागच्या बाकावरची पेन्सिल टकटकली? हजर! आवाजच नाही? मग गैरहजर!

एका माणसाने अशी हजेरी चक्क जंगलाची घेतली. त्याचं नाव बर्नी क्राउस. हा अमेरिकेतला संगीतकार. विजेवर चालणारी वाद्यं वाजवायचा. १९६८ मध्ये एका तबकडीसाठी तो खऱ्याखुऱ्या जंगलात आवाज टिपायला गेला. कानाला हेडफोन लावला आणि... गडी तिथलाच झाला!

ओळख पाहू, त्याला काय ऐकू आलं? नुसता कलकलाट? छे!

त्याने टिपलेल्या आवाजांची यंत्राकडून चित्रं काढून घेतली. चित्र कसं असतं, माहितीये? तुझ्या चाररेघी वहीसारखं! बारीक, किनरा आवाज वरच्या रेघेवर. जाडाभरडा आवाज खालच्या रेघेवर. त्यात दिसलं, की किड्यांची रेघ वेगळी, पक्ष्यांची वेगळी, बेडकांची वेगळी! भजनात टाळ वर किणकिणतात, पखवाज खाली घुमतो, म्हणून तर दोन्ही ऐकू येतात ना? अगदी तसंच! आणि रेघ मोकळी नसली तर? एक थांबला की दुसरा सुरू! (आपल्या वर्गाला हे कधी जमणार?) माणसाचा हात न लागलेल्या जुन्या जंगलात ही वाटणी जास्त नीट दिसते, असं क्राउसचं म्हणणं.

आता खरी गंमत. खरं तर गंमत नाहीच.

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांत लिंकन मेडो नावाचं कुरण आहे. भोवती जंगल. लाकूडवाले म्हणाले, "आम्ही इथलं एक, तिथलं एक, असंच झाड तोडू. जंगलाला काही होणार नाही!" तोडीआधी, १९८८ मध्ये, क्राउसने तिथली पहाट टिपून ठेवली. चिमणे गाणारे पक्षी, लावे, सगळ्यांची नुसती झुंबड!

मग तोड झाली. वर्षाने तो परत गेला. तोच महिना, तीच वेळ. फोटो काढला. जंगल जस्संच्या तस्सं!

मग टेप चालू केली. ओढ्याची खळखळ. आणि एक सुतारपक्षी. टक्... टकटक... टक्.

बाकीचे? गैरहजर!

पुढच्या पंचवीस वर्षांत तो तिथे १५ वेळा गेला. दर वेळी कान लावून बसला. पहिल्यासारखी हजेरी काही लागली नाही.