विसाला एक उणा

सुरतेच्या बमरोलीत, लूमच्या खडखडाटात, विसाला एक कमी इतके ताके मोजून बघा. खानदेशातून आलेला कामगार म्हणेल एकोणीस. शेजारचा गुजराती म्हणेल ओगणीस, उत्तर प्रदेशचा उन्नीस आणि ओडिशातल्या गंजामचा ऊणेइश. भाषा चार, पण चौघांच्याही तोंडी एकच जुना संस्कृत शब्द आहे: ऊन, म्हणजे कमी. एक-ऊन-विंशति, विसाला एक उणा.

या 'ऊन'चं गोत बघाल तर थक्क व्हाल! कृष्णपक्षात चंद्र रोज थोडा थोडा घटतो, त्याला इंग्रजीत 'वेन' म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की 'वेन' आणि 'ऊन' एकाच आदिम इंडो-युरोपीय धातूची लेकरं आहेत. 'वाँट' हाही त्याच कुळातला. 'हवं असणं' हा त्याचा अर्थ नंतरचा, मूळचा अर्थ 'कमी असणं'. आपल्याकडची उणीव आणि न्यून ही याच घरातली.

इंग्रजीत उतरणीचे शब्द पुष्कळ आणि प्रत्येकाची चाल निराळी. 'डिके'च्या मुळाशी लॅटिनमधलं पडणं आहे, 'डिक्लाइन'च्या मुळाशी कलणं, 'डिग्रेड'च्या मुळाशी पायरी उतरणं. 'इरोड' म्हणजे कुरतडणं. उंदरांच्या वर्गाला 'रोडंट' म्हणतात ते त्याच धातूवरून. हे सगळे शब्द खाली जाण्याची रीत सांगतात. 'वेन' आणि 'उणे' मात्र पूर्णाकडे बघून किती कमी पडलं ते सांगतात. पौर्णिमा ठाऊक असेल तरच चंद्र घटला म्हणता येतं. वीस ठाऊक असतील तरच एकोणीस.

प्राचीन रोमनांनाही हे सुचलं होतं. 19 ला ते 'उंदेविगिंती' म्हणत, म्हणजे विसातून एक वजा. पण मराठीनं ही रीत किती निष्ठेनं जपली आहे! 89 ला गुजराती आणि हिंदी ही वाट सोडतात, तिथे हिंदी 'नवासी' म्हणते. मराठी मात्र एकोणनव्वद म्हणते. एकोणिसापासून तिथपर्यंत असे आठ आकडे आहेत. नव्याण्णवला मात्र मराठीही ही रीत सोडते.

म्हणजे मराठी मूल पाढे घोकतं तेव्हा पाटीवर वजाबाकी यायच्या आधीच ती त्याच्या तोंडात आलेली असते.