पाण्याचा थेंब नाही, तेल नाही, तरी मडकंभर जेवण: रायगडची पोपटी शिजते कशी?

भाताची कापणी होते, शेतं मोकळी होतात, थंडी पडते आणि वालाच्या शेंगा भरतात. मग अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या पट्ट्यात संध्याकाळी शेतात जाळ दिसू लागतात. जाळाच्या मधोमध एक मडकं असतं, तेही उपडं. अर्ध्या-पाऊण तासाने ते बाजूला काढून केळीच्या पानावर रिकामं करतात आणि आसपासची सगळी माणसं गोल करून बसतात.

ही पोपटी. शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी असं सगळं एकाच मडक्यात शिजलेलं असतं. त्यात ना पाणी घातलेलं असतं, ना फोडणी दिलेली असते. मग ते शिजतं कसं? आणि एकेकाळी जवळपास फुकटात होणारं हे जेवण आता खर्चिक का वाटू लागलंय?

पोपटीत काय काय असतं?

पोपटीचा मुख्य घटक म्हणजे वालाच्या ताज्या, दाणे भरलेल्या शेंगा. कोंबडी नसली तरी पोपटी होते, शेंगा नसतील तर होत नाही. शेंगांबरोबर बटाटे, रताळी, कांदे, छोटी वांगी, मिळाली तर कोनफळं आणि सालासकट अंडी असतात. कोंबडीला आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद आणि मिठाचं वाटण लावतात. शेंगांना फक्त जाडं मीठ आणि ओवा.

या सगळ्याच्या खाली, वर आणि मडक्याच्या तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला असतो. मार्गशीर्षात मांसाहार न करणाऱ्या घरांत नुसत्या शेंगा आणि कंदांची पोपटी लावतात. तीही तितकीच पोटभरीची होते, कारण शेंगांमधले दाणे हे कडधान्यच आहे.

वालच का, आणि थंडीतच का?

याचं उत्तर रायगडच्या भातशेतीत आहे. किनाऱ्यालगतच्या या भागात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यानंतर शेताला पाणी द्यायची सोय सगळीकडे नसते. मात्र भात निघाल्यावरही खाचरातल्या जमिनीत ओल टिकून असते. त्या ओलीवर वाल पेरला जातो. वेगळं पाणी न देता, जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव यांवर हे पीक उभं राहतं.

वालाच्या मुळांवरच्या गाठींमध्ये जिवाणू असतात. ते हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. म्हणजे भातानंतर वाल घेतल्याने जमिनीचा कसही सुधारतो. शेंगा हिरव्या असताना पोपटी होते आणि वाळल्यावर त्याच दाण्यांचं, म्हणजे कडव्या वालांचं, वर्षभर बिरडं होतं.

डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा शेंगांचा काळ. पोपटीचा हंगामही तोच. शेंगा जून झाल्या की त्यांच्यातलं पाणी कमी होतं आणि पोपटीचं गणित बिघडतं. ते का, हे समजून घ्यायला मडक्यात डोकवावं लागेल.

पाण्याशिवाय शिजतं कसं?

पाणी बाहेरून घातलेलं नसतं, पण आत भरपूर असतं. हिरव्या शेंगा, वांगी, कांदे, बटाटे यांच्या वजनाचा मोठा भाग पाणीच असतो. कोंबडीतही पाणी असतं आणि मीठ ते बाहेर ओढतं. धुतलेला पाला स्वतःबरोबर ओल आणतो. मडकं तापलं की या पाण्याची वाफ होते आणि आत कोंडली जाते.

वाफ उष्णता फार वेगाने पोचवते. पोळीच्या तव्यावरच्या गरम हवेतून हात फिरवला तर क्षणभर सहन होतं, पण कुकरच्या वाफेने लगेच भाजतं. वाफ थंड पृष्ठभागावर पोचली की तिचं पुन्हा पाणी होतं आणि त्या वेळी तिच्यात साठलेली बरीच उष्णता बाहेर पडते. मडक्यात हेच प्रत्येक शेंगेवर आणि प्रत्येक बटाट्यावर घडत असतं.

आत ओल आहे तोवर अन्नाचं तापमान साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच राहतं. म्हणून बाहेर जाळ धगधगत असूनही आतलं जेवण जळत नाही. ओल संपली की मात्र तापमान झपाट्याने चढतं आणि शेंगा करपतात. जून शेंगांची पोपटी कोरडी होते ती यामुळेच.

मडकं उपडं का घालतात?

मडकं सरळ चुलीवर ठेवलं तर सगळ्यात जास्त आच बुडाला लागते आणि वरच्या शेंगांचं वजन खालच्यांवर पडतं. पाणी नसल्याने तळाचा थर आधी करपतो. शिवाय वाफ हवेपेक्षा हलकी असल्याने वरच्या तोंडातून सहज निसटते.

उपड्या मडक्यात या दोन्ही अडचणी सुटतात. तोंड जमिनीकडे असल्याने तो भाग सगळ्यात कमी तापतो आणि अन्नाचं वजन त्याच बाजूच्या पाल्यावर येतं. बूड वर गेलेलं असतं, त्यामुळे जास्त आचेच्या भागावर अन्न दाबलं जात नाही. वाफ वर जाऊन घुमटात अडकल्यासारखी मडक्यात साठते. कोंबडीचा आणि शेंगांचा रस खाली झिरपून पाल्यात मुरतो, तळाला लागून जळत नाही.

ही युक्ती फक्त रायगडची नाही. दक्षिण गुजरातेत वलसाड, नवसारी भागात पापडी आणि कंद घालून असंच उपड्या मडक्यात ‘उबाडियुं’ करतात. ‘उंधियुं’ या नावातही ‘उंधु’ म्हणजे उलटं हा शब्द आहे. जिथे थंडीत वालवर्गातल्या शेंगा आल्या, तिथे मडकं उलटं झालं, असं या किनाऱ्यावर दिसतं.

भांबुर्डा कशासाठी?

भांबुर्डा हे शेतात, बांधावर आपोआप उगवणारं झुडूप. ते सूर्यफुलाच्या कुळातलं असून त्याचं शास्त्रीय नाव ब्लुमिया लासेरा. पानं चुरगळली की कापरासारखा उग्र वास येतो. एरवी तण म्हणून उपटून टाकतात ते याच दिवसांत शोधत फिरावं लागतं.

पोपटीत हा पाला तीन कामं करतो. मडक्याच्या आतल्या बाजूला लावल्याने अन्न थेट तापलेल्या मातीला चिकटत नाही. तोंडाशी गच्च कोंबल्याने तो बुचासारखा बसतो, पण जास्तीची वाफ सोडतो, त्यामुळे आत धोकादायक दाब तयार होत नाही. आणि तिसरं म्हणजे वास. पोपटीला दुसरा मसाला फारसा लागत नाही, तो या पाल्यामुळे.

कोंबडीच का, मटण का नाही?

पाश्चात्त्य देशांत थंडीच्या दिवसांत गोमांसाचा स्ट्यू करतात. त्यासाठी खांद्याचा किंवा पायाचा, स्वस्त आणि चिवट भाग घेतात. या भागात कोलॅजेन नावाचं प्रथिन भरपूर असतं. ओल्या उष्णतेत ते विरघळून मऊ व्हायला काही तास लागतात. म्हणूनच तिकडे ‘स्लो कुकर’ हे विजेचं भांडं घरोघरी आलं. अमेरिकेतल्या अर्व्हिंग नॅक्सन यांनी १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. कमी आचेवर सहा-आठ तास शिजवत ठेवायचं, हे त्याचं तत्त्व.

पोपटीचा हिशोब वेगळा आहे. इथे आच मोठी आणि वेळ थोडा. एवढ्या वेळात बॉयलर कोंबडी नीट शिजते, पण मटण किंवा जून गावठी कोंबडी चिवटच राहते. ती घालायचीच असेल तर आधी वेगळी शिजवून घ्यावी लागते.

पाच-सहा जणांची पोपटी कशी लावायची?

साधारण दोन किलो शेंगा, अर्धा किलो कोंबडी, अर्धा किलो बटाटे-रताळी, चार-पाच लहान कांदे आणि सहा अंडी पुरतात. खर्च आवरायचा असेल तर कोंबडी कमी करून शेंगा आणि कंद वाढवावेत. कोंबडीचा रस सगळ्या मडक्यात उतरतो, त्यामुळे थोडी असली तरी चव लागते.

शेंगा धुवाव्यात, पण सोलू नयेत. साल हेच दाण्याचं झाकण. कोंबडीचे तुकडे लहान ठेवून वाटण लावावं, तासभर मुरवावं आणि केळीच्या पानात बांधावं. बटाटे मोठे असतील तर अर्धे करावेत.

मडकं साधं, रंग न दिलेलं आणि न तडकलेलं हवं. आतून पाला लावून शेंगांचा थर, त्यावर कंद, मध्ये कोंबडीची पुडी, तिच्याभोवती अंडी, पुन्हा शेंगा आणि शेवटी पाल्याचं घट्ट बूच, असा क्रम ठेवावा. कोंबडी मडक्याच्या भिंतीला टेकू देऊ नये. तशी टेकली तर एका बाजूने करपते आणि दुसऱ्या बाजूने कच्ची राहते.

मडकं जमिनीवर उपडं ठेवून चहूबाजूंनी शेण्या, काटक्या आणि पेंढा रचून जाळ करावा. मध्यम मडक्याला साधारण ३० ते ४५ मिनिटं लागतात. झाली की नाही हे ओळखायची जुनी खूण म्हणजे मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. ‘चर्र’ आवाज येऊन पाणी लगेच उडालं आणि शेंगांचा वास सुटला की जाळ बाजूला सारायचा. पण ही खूण मडकं किती तापलंय ते सांगते, कोंबडी शिजली का ते नाही. म्हणून पुडी उघडल्यावर सगळ्यात जाड तुकडा हाडाशी मोडून पाहावा. आत गुलाबी दिसला किंवा लालसर रस आला तर तो पुन्हा शिजवावा. घरात अन्नाचा तापमापक असेल तर जाड भागात ७४ अंश सेल्सिअस दिसायला हवं.

आणखी एक काळजी आगीची. थंडीत पेंढा, गवत कडकडीत वाळलेलं असतं. जाळाभोवतीची जागा आधी साफ करावी, वारा असेल तर पोपटी लावू नये आणि निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतावं.

शेत नसेल तर?

जाड बुडाच्या पातेल्यात केळीचं पान अंथरून, शेंगा आणि बाकीचं भरून, झाकणाची कड कणकेने बंद करून पोपटीच्या जवळपास जाता येतं. पातेलं सरळ असल्याने तळ करपू नये म्हणून अर्धी वाटी पाणी घालावं, खाली तवा ठेवावा आणि मंद आचेवर पाऊण ते एक तास द्यावा. भांबुर्डा नसेल तर ओव्याची पानं चालतात. वास वेगळा येतो, पण चांगला येतो.

स्लो कुकर असेल तर ताज्या शेंगा आणि कोंबडी त्यातही शिजते. मात्र वाळलेले वाल किंवा राजमा कधीही थेट स्लो कुकरमध्ये टाकू नये. अशा कडधान्यांतले काही अपायकारक घटक खळखळ उकळल्यानेच नष्ट होतात आणि स्लो कुकरची आच त्याला कमी पडू शकते. ती आधी भिजवून, ते पाणी टाकून, वेगळी उकळून घ्यावीत.

पोपटी महाग का वाटू लागली?

पोपटी स्वस्त होती, कारण तिच्यातलं जवळपास काहीच विकत आणावं लागत नव्हतं. शेंगा शेतातल्या, पाला बांधावरचा, जळण कुंपणाच्या काटक्यांचं, मडकं घरातलं जुनं. विकतची असली तर फक्त कोंबडी.

आता मार्च २०२० पासून मुंबई-मांडवा रो-रो बोट सुरू आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबईहून अलिबागला येणं सोपं झालं. थंडीत पर्यटकांसाठी पोपटीचे बेत होतात. त्यातून शेंगा विकणाऱ्यांना आणि पोपटी लावून देणाऱ्यांना चार पैसे मिळतात. पण विकत घेणाऱ्याला शेंगा, पाला, जळण, मडकं आणि मेहनत या प्रत्येकाचे पैसे मोजावे लागतात.

खरा प्रश्न दराचा नाही, जमिनीचा आहे. भाताचं खाचर भराव घालून प्लॉट झालं की भात जातो. भाताबरोबर हिवाळ्यातली ओल जाते, ओलीवरचा वाल जातो आणि बांध गेला की भांबुर्डाही जातो. मडकं बाजारात मिळेल, कोंबडी तर कुठेही मिळेल. पण पोपटीत पाणी घालावं लागत नाही ते शेंगांमुळे, आणि शेंगांना पाणी द्यावं लागत नाही ते खाचरातल्या ओलीमुळे. ते खाचर राहिलं, तरच पुढच्या थंडीत मडकं भरता येईल.