खूण एक, जंतू दोन

वसतिगृहात वाढलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना गळू म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. बहुतेक गळवांच्या मुळाशी असणारा जीवाणू म्हणजे स्टॅफिलोकोकस. स्कॉटिश शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास तो पुवात पाहिला आणि त्याची द्राक्षघडासारखी रचना पाहून ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव दिले.

आपले शरीर मात्र जीवाणूला नावाने ओळखत नाही. ते ओळखते त्याच्या अंगावरील रासायनिक खुणांवरून. या खुणा म्हणजे प्रतिजन, आणि त्यांना चिकटणारी रक्तातील प्रथिने म्हणजे प्रतिपिंडे. पाठ्यपुस्तके या जोडीला कुलूप-किल्लीची उपमा देतात. आम्हांस ती अपुरी वाटते, कारण येथे एक किल्ली अनेक कुलपांना लागते. स्टॅफिलोकोकसच्या आवरणातील लायपोटायकोइक आम्लाचा कणा स्ट्रेप्टोकोकससारख्या इतर जीवाणूंतही तसाच आढळतो. त्यामुळे एकाविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्यालाही चिकटतात. स्टॅफिलोकोकस ऑरियसचे 'प्रोटीन ए' तर प्रतिपिंडाला भलत्याच टोकाने, शेपटीकडून पकडते. तेथे साम्य नसतेच, केवळ साम्याचा भास होतो.

या साम्याने एकदा माणसेही वाचवली आहेत. आम्ही इतिहासाचे शिक्षक असल्यामुळे तो प्रसंग थोडा विस्ताराने सांगतो.

पहिल्या महायुद्धात टायफसने सैन्येच्या सैन्ये गारद होत होती. (टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे, तो कपड्यांतील उवांमुळे पसरतो.) १९१६ मध्ये एडमंड वाइल आणि आर्थर फेलिक्स यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. टायफसच्या रुग्णाचे रक्तद्रव प्रोटियस या जीवाणूच्या गुठळ्या करते, आणि प्रोटियसचा टायफसशी काडीचाही संबंध नाही! टायफसचा खरा जंतू रिकेट्सिया. तो पेशीच्या आतच वाढतो, त्यामुळे साध्या प्रयोगशाळेत वाढवणे कठीण. मग सहज वाढणाऱ्या प्रोटियसच्या ओएक्स-१९ या वाणावरच टायफसची परीक्षा होऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधील रोझवाडूव्ह परिसरात एक मजूर रजेवर आला होता. जर्मनीतील वेठबिगारीवर परतण्याची त्याची इच्छा नव्हती. डॉ. स्टानिस्वाव मातुलेविच यांनी त्याला मारलेल्या प्रोटियसचे इंजेक्शन दिले आणि रक्त जर्मन प्रयोगशाळेकडे पाठवले. उत्तर आले : टायफस! मजुराची सुटका झाली. पुढे त्यांनी व त्यांचे मित्र डॉ. युगेनियुश वाझोव्स्की यांनी इतर आजारांसाठी येणाऱ्या रुग्णांनाही अशी इंजेक्शने दिली. कागदोपत्री साथ पसरली, जर्मनांनी तो भाग साथग्रस्त घोषित केला, आणि तेथून माणसे ओढून नेणे थांबले.

ज्यू रुग्णांना मात्र हे इंजेक्शन देणे शक्य नव्हते. टायफस झालेल्या ज्यूच्या वाट्याला विलगीकरण नव्हे, मृत्यू येत असे. एकच अहवाल एका माणसाचे कवच ठरला असता आणि दुसऱ्याचा मृत्युलेख, आणि हे ठरवणार होता जन्म. जन्माच्या शिक्क्याचा अर्थ आपल्या समाजाला नव्याने सांगावा लागत नाही.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. २०१८ मध्ये नागपूर व विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली. हा ताप उवांमुळे नव्हे, झुडपांतील सूक्ष्म चिगर कीटकांच्या दंशाने येतो. त्याच्यासाठीही प्रोटियसचाच ओएक्स-के वाण वापरतात. पण ही परीक्षा अनेक खरे रुग्ण चुकवते, म्हणून आता एलायझा चाचणी अधिक भरवशाची मानतात.

विडाल चाचणीचेही असेच. टायफॉइड व पॅराटायफॉइड 'ए' यांच्या जंतूंवरील काही खुणा समान आहेत. जुन्या संसर्गाची वा लसीची प्रतिपिंडेही रक्तात उरलेली असतात. एका चिठ्ठीवर 'विडाल पॉझिटिव्ह' लिहून येते, आणि घरचे मजुरीचे पैसे औषधांत जातात. खरा ताप कदाचित मलेरियाचा वा स्क्रब टायफसचा असतो. ब्लड कल्चरमध्ये मात्र खुणेची नव्हे, प्रत्यक्ष जंतूचीच ओळख पटते. त्यासाठी रक्त शक्यतो प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्यापूर्वीच द्यावे लागते, आणि अहवालाला काही दिवस लागतात.