बाइकचा जीपीएस हँग झालाय? फॅक्टरी रीसेटची घाई नको

रविवारी ताम्हिणीत आमच्या ग्रुपमधल्या एकाचा जीपीएस हँग झाला. नकाशा जागचा हलेना, स्क्रीन बोटाला दाद देईना. तो थेट फॅक्टरी रीसेट करायला निघाला होता, मी थांबवलं. त्यात सेव्ह केलेले रूट उडू शकतात, म्हणून तो उपाय अगदी शेवटचा.

आधी युनिट क्रेडलमधून काढा, म्हणजे बाइकची पॉवर तुटेल. मग पॉवर बटण स्क्रीन काळी होईपर्यंत दाबून धरा. काही मॉडेलना अर्धं मिनिटही लागतं, तेव्हा बोट लवकर सोडू नका. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं.

लोगोवरच अडकत असेल तर मेमरी कार्ड काढून सुरू करा. त्यावरची एखादी बिघडलेली जीपीएक्स (रूटची) फाइलही युनिटला अडकवू शकते.

आता क्रेडलच्या पिना बघा. ताम्हिणीत अडकलेल्या त्या मित्राच्या पिनांवर हिरवट थर चढला होता. पावसाळ्यात हे हमखास होतं. खड्ड्यात धक्का बसला की सप्लाय क्षणभर तुटतो आणि युनिट गडबडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या.

चालू झाल्यावर लोकेशन लगेच मिळालं नाही तर मोकळ्या आकाशाखाली थांबा. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पाठवतो, पण सगळ्या उपग्रहांची यादी पूर्ण यायला १२.५ मिनिटं लागतात. कड्याखाली उभे राहाल तर आणखी उशीर.

तुमचं युनिट नेमकं कुठे अडकतं? मॉडेल लिहून विचारा, माहीत असेल ते नक्की सांगेन.